चार नंबरची कवटी

कवट्या पुसण्यात माझी एकतीस वर्षं गेली. वैद्यकीय कॉलेजातली हाडांची खोली माझ्या ताब्यात. शाळा दुसरीत सुटली, पण कवटीचा तळ मी डोळे मिटून ओळखते. नाकाच्या छताचं चाळणीसारखं हाड, त्यामागे खोगिराच्या आकाराचं हाड, खोगिराखाली पोकळी आणि पोकळीचे दोन भाग करणारा हाडाचाच पडदा, कागदाइतका पातळ.

सुनेला नेमकी त्या खोगिरातच गाठ निघाली. गाठीनं डोळ्यांच्या नसा दाबल्या, कडेचं दिसेना. दाराच्या चौकटीला धडकायची, आणि मी म्हणायचे, "घर बांधताना तुला विचारायला हवं होतं." ते बोलणं आता मलाच टोचतंय.

ऑपरेशन नाकातून. करणारा डॉक्टर आमच्याच कॉलेजात शिकलेला. आदल्या सकाळी त्यानं आम्हा दोघींना समोर बसवलं. "पोकळीतला पडदा काढायचा, खोगिराचं हाड उघडायचं, गाठ खरवडायची. मावशी, हे मी तुमच्या चार नंबरच्या कवटीवरच शिकलो. इतकी सुबक कवटी दुसरी नव्हती."



चार नंबरचा पडदा मुळात वाकडा होता. मेंदूकडे रक्त नेणारी मोठी नस जिथे हाडाला खेटून जाते, तिथे डावीकडे टेकलेला. शिकवण्यासाठी उघडलेली ती पोकळी पुसताना तो माझ्या हातून तुटला. सांगायची लाज, त्यात वाकडं मला बघवत नाही. डिंक लावून बरोबर मधोमध उभा केला. शिकवणाऱ्या सरांनी कौतुक केलं, आणि तेवीस वर्षं मी ते मिरवलं.

"आई, तुम्ही गप्प बसलात की मला जास्त भीती वाटते," सून म्हणाली.

तिच्यासमोर चूक कबूल करायची म्हणजे जिवावर आलं. पण जीव तिचा टांगणीला होता, माझा नाही.

"डॉक्टर, ती कवटी खोटी आहे." मी सगळं सांगून टाकलं.

सून बघतच राहिली. "म्हणजे तुमचंही चुकतं?"

"एकतीस वर्षांत एकदा. चटावू नकोस."

डॉक्टरनं सुनेच्या डोक्याचे फोटो संगणकावर आणले. "वाकडे पडदे पुष्कळांचे असतात, हे पुढे शिकलो मी. हा बघा, हिचाही नसेवरच टेकलाय. असा पिरगळून ओढला तर नस फाटते. म्हणून मी ओढणार नाही, घासून कमी करणार." मग हळूच म्हणाला, "माझं ठीक आहे, मावशी. पण त्या कवटीवर अजून मुलं शिकतायत."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चालू असताना मी हाडांच्या खोलीत होते. ओल्या कापसानं डिंक भिजवला, पडदा सोडवला आणि नव्या डिंकानं जिथला तिथे टेकवला, डावीकडे, वाकडा.

दोन दिवसांनी हाडांच्या खोलीतल्या त्याच कोटात सुनेजवळ गेले. नाकात बोळे, तोंड सुजलेलं, नजर समोरच्या भिंतीकडे. मी खाटेच्या कडेला, तिच्या खांद्याशी उभी राहिले.

मान न वळवता ती म्हणाली, "आई, बाहीला डिंक लागलाय तुमच्या."