कप्तानाचा आवाज

"यात तुमचं नाव कुठंय?" वहिनींनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि पोस्टर पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं.

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या यजमानांनी पिशवीतून पाटी काढली आणि खडूने लिहिलं, 'नसतं.'

"नसतं म्हणजे? गर्जना तुमची आणि नाव त्या दाढीवाल्याचं?"

त्यांनी खांदे उडवले. तेवढ्यात मुलगी तिकिटं घेऊन आली. "आई, डबिंगवाल्यांचं नाव पोस्टरवर कधीच नसतं. चल आता, सुरू होईल. काका, तुम्हीही चला."

काका म्हणजे मी. सिनेमाचे संवाद आपल्या भाषेत मी उतरवले होते. नाव माझंही नव्हतं, पण मला ते बरंच वाटत होतं. लोक हसलेच, तर कुणाकडे बघून हसायचं हे तरी त्यांना कळणार नव्हतं.

आमच्या स्टुडिओत त्यांना सगळे खर्जबुवा म्हणत. परदेशी सिनेमातले राक्षस, म्हातारे जादूगार, बोलणारी अस्वलं, असे सगळे त्यांच्या वाट्याला यायचे. एकदा तर एका डोंगराचाही आवाज त्यांनी दिला होता. घरी मात्र ते आवाज जपत. गार पाणी प्यायचं नाही, जेवताना बोलायचं नाही, आतल्या खोलीतून हाक मारायची नाही. "बाहेर डरकाळी आणि घरात मुकं मांजर," असं वहिनी म्हणायच्या आणि आम्ही हसायचो.

समुद्री चाच्यांच्या या सिनेमातला कप्तान हे त्यांचं शेवटचं काम. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पांघरुणात वाचलेल्या एका जुन्या कादंबरीवर तो बेतला होता. मीही ती वाचली होती, नको तितक्या वेळा. काम चालू असताना बुवांचा घसा दुखायचा. चाच्याचा आवाज काढून दुखत असेल, असं त्यांच्यासकट सगळ्यांनी धरून चाललं. सिनेमा पडद्यावर यायला उशीर झाला, आणि मधल्या काळात डॉक्टरांनी त्यांची स्वरपेटी काढून टाकली. आता गळ्यावर श्वासासाठी एक भोक होतं, त्यावर ते मऊ सुती रुमाल बांधत.

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा बुवा अंघोळीला गेले होते. बाथरूममधला नळ मोठा सुटला आहे, याची खात्री करून वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या.

"भाऊजी, एक सांगते, हसू नका. यांचा आवाज मला आठवेनासा झालाय."

मी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं.

"शब्द आठवतात हो. कधी काय म्हणाले, सगळं आठवतं. पण मनात ते माझ्याच आवाजात ऐकू येतं."

"मोबाइलवर असेल की एखादा व्हिडिओ..."

"लेकीने सगळे पालथे घातले. काढणारे हेच! आम्ही सगळे बडबडतोय आणि हे फोन धरून गप्प. आवाज जपत होते ना." त्या हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. "नशीब बघा. जपून जपून ठेवला, तो असा गेला."

"पण इतके सिनेमे आहेत त्यांचे."

"ते राक्षसांचे आवाज. त्यांच्याशी मी थोडाच संसार केला? पण हा शेवटचा आहे. यात एखादं तरी वाक्य त्यांच्या आवाजात असेल ना, भाऊजी? घरच्या आवाजात?"

"असेल की," मी म्हणालो. बोलून गेलो आणि आठवडाभर घोर लागला. वाक्यं माझीच होती. त्यातलं एकही घरात बोलण्यासारखं नव्हतं.

थिएटरमध्ये वहिनी मधे, त्यांच्या डावीकडे बुवा, उजवीकडे मी. बुवांच्या पलीकडे मुलगी. वहिनींच्या मनात काय आहे ते बुवांना ठाऊक नव्हतं. दिवे गेले तशी त्यांनी पाटी पायाशी ठेवून दिली. अंधारात तिचा उपयोग नव्हता.

वादळात जहाज कलंडलं आणि कप्तान डोलकाठीवरून ओरडला, "दोर कापा! जीव प्यारा असेल तर खाली बघू नका!" मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. मी वहिनींकडे पाहिलं.

"काय आवाज आहे!" मागच्या रांगेतला एक कॉलेजकुमार म्हणाला. "हा माणूस घरी बायकोशी कसा बोलत असेल?"

"बायको बहिरी झाली असेल रे," दुसरा म्हणाला.

मुलगी रागाने मागे वळली. बुवांनी तिचा हात दाबला. मी वाकून पाहिलं, तर त्यांचे खांदे गदगदत होते. ते हसत होते.

आमच्या पुढे बसलेल्या गृहस्थांना कादंबरी पाठ असावी. "पुस्तकात याला दाढी नाही," ते बायकोला सांगत होते. "आणि मुख्य गोष्ट यांनी घाईत उरकली. हा कप्तान कुणाच्याही हातचं पाणी पीत नाही. विषाची भीती. स्वतःच्या पिंपातलं स्वतः घेतो. ते नीट ठसायला हवं होतं."

"मग घरी पुस्तकच वाचत बसायचं होतं," बायको म्हणाली. "मला बघू द्या."

वहिनी मात्र खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होत्या. पडद्याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. कप्तान गरजला, गडगडाटी हसला, त्याने शपथा घातल्या, दगा देणाऱ्याला हलक्या आवाजात धमकावलं. दर खेपेला त्या जराशा पुढे सरकत आणि मग पुन्हा मागे टेकत.

मध्यंतरात बुवांनी लिहिलं, 'कसा वाटला?'

"भारी. घाबरलेच मी," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून मान किंचित हलवली. नाही.

मी पॉपकॉर्न आणायला म्हणून उठलो आणि बराच वेळ उगाच रांगेत उभा राहिलो.

उत्तरार्धात कप्तानाला ताप चढतो. जहाजावरचा आचारी दाराशी बसलेला असतो आणि कप्तान भिंतीकडे तोंड करून पडलेला. हा प्रसंग आला आणि मला ध्वनिमुद्रणाची ती दुपार आठवली. मी लिहिलं होतं, 'गड्या, कंठ कोरडा पडला आहे, घोटभर जल दे.' या वाक्यावर मी फार खूश होतो. सकाळपासून वादळात ओरडून बुवांचा घसा पार बसला होता. त्यांनी कागद वाचला. "तापात एवढं कोण बोलतं, भाऊ?" ते म्हणाले. कप्तानाचं तोंड भिंतीकडे, त्यामुळे ओठांना शब्द जुळवायचीही गरज नव्हती. त्यांनी तीनच शब्द म्हटले. "जोर नाही आला, बुवा. परत घेऊ या?" काचेपलीकडून विचारणा झाली. त्यांनी घशाकडे बोट दाखवून नको म्हटलं, आणि ते तसंच राहिलं. माझं वाक्य गेलं म्हणून मी दिवसभर हिरमुसलो होतो. नंतर विसरूनही गेलो.

पडद्यावर कंदील हलत होता. कप्तानाची पाठ दिसत होती.

"पाणी दे जरा."

थिएटरात हशा पिकला. "आता कुठे गेली डरकाळी?" मागून कुणीतरी म्हणालं. पुढचे गृहस्थ चिडून पुटपुटले, "अरे, हसता काय? हेच तर पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं पान आहे."

वहिनी हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. पडद्याकडे बघत असतानाच त्यांचा हात मांडीवरच्या पिशवीत गेला. बाटली बाहेर आली. त्यांनी टोपण फिरवून काढलं, ते मुठीत धरलं, आणि बाटली डावीकडे पुढे केली. हे सगळं इतकं सवयीने झालं, की आपण काय केलं ते त्यांना क्षणभर उमगलंच नसावं. मग हात तसाच पुढे राहिला.

बुवांनी बाटलीकडे पाहिलं, मग वहिनींकडे. त्यांना तहान नव्हती. मध्यंतरातच ते प्यायले होते. त्यांनी बाटली घेतली, गळ्यावरचा रुमाल एका हाताने सावरला आणि ते सावकाश पाणी प्यायला लागले. पडद्यावरचा आचारी अजून पेला शोधत होता. त्याला तो सापडेपर्यंत बुवांनी बाटली संपवली होती.

पुढचा सिनेमा मी नीटसा पाहिला नाही. कप्तान शेवटी गरजून मेला असावा, कारण शिट्ट्या झाल्या.

सुटल्यावर जिन्यात मुलांचा दंगा होता. प्रत्येक जण कप्तान झाला होता. "दोर कापा!" "खाली बघू नका!" एक बाप लेकाला दटावत होता, "घसा बसेल, बावळटा." पुढचे गृहस्थ अजून पुस्तकच समजावत होते. खालच्या कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचा नळ होता. वहिनी गर्दीतून वाट काढत तिकडे गेल्या आणि बाटली धारेखाली धरली.

"आई, घरी जायला पाच मिनिटं लागतात," मुलगी म्हणाली. "आता कशाला भरतेस?"

"लागेल त्यांना," वहिनी म्हणाल्या.

धार बारीक होती. मागे रांग लागली, लोक चुळबुळ करू लागले. वहिनींनी बाटली काठोकाठ भरू दिली. टोपण घट्ट लावलं, पदराने बाटली पुसली, आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवली, न बघता हात जाईल अशी.