एकशेआठ चिंचोके

पोस्टातून निवृत्त झाल्यावर गोपालकृष्णरावांना मिरवायला एकच गोष्ट उरली होती, त्यांची कीर्ति. बावीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली पोर, आणि रोज सकाळी कुंभकोणच्या त्यांच्या गल्लीतल्या पिळ्ळैयारला, म्हणजे गणपतीला, एकशेआठ प्रदक्षिणा! पोंगलच्या तै महिन्यात राव तापाने अंथरुणाला खिळले होते, तेव्हापासूनचा हा नेम. ‘पोरीच्या भक्तीनं मला परत आणलं,’ हे त्यांनी कॉफीवाल्यालासुद्धा ऐकवून झालं होतं.

मोजायला चिंचोके होते. दर फेरीला पिशवीतला एक काढून वाडग्यात टाकायचा. पण हल्ली आठला गेलेली कीर्ति बाराला परतायची. दोन एकदम पडले की काय, अशी शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. जेवण सुटलं, झोप उडाली, नोकरीची मुलाखत बुडाली. भक्ती मुरतेय, असं रावांनी खुशाल ठरवून टाकलं. कौतुकाच्या भरात शहाणी माणसंही असली माती खातात.

त्या शुक्रवारी ते स्वतःच वाडगा घेऊन पायरीवर बसले. ऊन चढलं, फरशी तापली. पोरीचा चेहरा बघवेना, तसे त्यांनी हळूच शेवटचे चार चिंचोके एकदम सोडले. देव काय मोजत बसलाय?

“झाल्या!”

कीर्ति थांबली. घरच्या जुन्या वळणाच्या मराठीत तिने विचारलं, “अप्पा, एकेकच टाकले न्हवे?”

देवासमोर खोटं बोलवेना. “तीन कमी असतील गे. पिळ्ळैयार काय रागें भरतो?”

ती पांढरीफटक पडली. वाडगा ओढून घेऊन तिने सगळे चिंचोके पिशवीत ओतले.

“पुरे! घरास चल.”

“मज थांबवत नाही, अप्पा.” ती रडू लागली. “एक चुकली तर तुमी मरतां. तुमास ताप आला तधीपासून हेंच मनांत येतें. तुमी सगळ्यांस भक्ति म्हणून सांगत होतां. मी कोणास सांगूं?”

रावांची नजर खाली गेली. फरशीवर तिच्या फुटलेल्या टाचांचे लाल ठसे होते. इतके महिने आपण हे मिरवलं, याची त्यांना शिसारी आली.

शेजारच्या सुंदरीअम्मा दर्शनाला आल्या. “पुण्यवान मुलगी!” त्या तमिळमध्ये म्हणाल्या. एरवी राव लगेच हात जोडत. आज त्यांना सांगायचं होतं की पोर आजारी आहे, उद्याच डॉक्टरकडे नेणार आहे. पण त्यांनी मान खाली घालून पिशवी जवळ ओढली.

कीर्ति पुन्हा सुरुवातीच्या जागी उभी राहून वाडग्याकडे बघत होती. मोजणी पुरी झाल्याशिवाय ती घरी येणार नव्हती. रावांनी एक चिंचोका काढला, तिला दिसेल असा वर धरला आणि वाडग्यात टाकला.

“एक,” ते म्हणाले.