नव्व्याण्णव मार्कांचं बाळ

त्या नवजात कक्षात सिस्टर तशा बऱ्याच होत्या, पण नातेवाइकांच्या हिशेबी दोनच. एक गोड आणि एक तिखट. ही नावं कुणी ठेवली कोण जाणे, पण बाहेरच्या बाकड्यावर बसणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांना ती दुसऱ्या दिवशी तोंडपाठ असत. बाळ कसं आहे असं विचारलं की गोड सिस्टर म्हणायची, "छान आहे हो." तिखट सिस्टर म्हणायची, "कालच्यासारखं." आता कालच्यासारखं म्हणजे चांगलंच होतं, कारण एवढ्या लवकर जन्मलेल्या बाळाने काल होतं तिथे आज टिकून राहणं हीच मोठी कमाई. पण माणसाला बातमी हवी असते, शिल्लक नको असते.

खिडकीजवळच्या काचेच्या उबदार पेटीत जे बाळ होतं, त्याचे आजोबा रिटायर्ड हेडमास्तर होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत, त्यांचा मुलगासुद्धा कधीकधी. बाळाच्या पायाला लाल दिव्याची एक पट्टी चिकटवलेली असे. रक्तात ऑक्सिजन किती आहे ते ती मोजायची आणि आकडा पडद्यावर यायचा, शंभरपैकी. इथेच घात झाला. शंभरपैकी काहीही दिसलं की मास्तरांचा हात आपसूक खिशातल्या लाल पेनाकडे जायचा.

"काय सिस्टर, आज एक्क्याण्णवच?"

"एक्क्याण्णव चांगले आहेत, आजोबा."

"त्या दुसऱ्या बाईंच्या वेळेला अठ्ठ्याण्णव असतात. नव्व्याण्णवसुद्धा. बाळ तेच, यंत्र तेच. मग फरक कुणात?"

तिखट सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची आग तशी लांबचा प्रवास कधीच करायची नाही, मस्तकाशेजारीच मुक्कामाला असायची. "नव्वद ते पंच्याण्णव, एवढंच पाहिजे," ती दातओठ खात म्हणाली. "त्याच्या वर गेलं की बाळाला ऑक्सिजन जास्त होतोय. तो या बाळांच्या डोळ्यांना सोसत नाही. ही परीक्षा नाही."

मास्तर मुलाकडे वळले. "न शिकवणारे शिक्षक अस्संच बोलतात. पास झाला ना, मग बास."

मुलगा हसला. सून हसली नाही, पण पडद्याकडे बघत राहिली.

गोड सिस्टर वाईट बाई नव्हती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. तिला माणसं रडलेली बघवत नसत, आणि एवढ्याशा दयेने किती नुकसान होतं ते बघायला ती थांबत नसे. भेटीची वेळ झाली की ती ऑक्सिजनचं बटण जरासं वर सरकवायची. आकडा चढायचा, मास्तर प्रसन्न व्हायचे, बिस्किटांचा पुडा टेबलावर यायचा. नातेवाईक गेले की बटण खाली आणायचं कधी तिच्या लक्षात राही, कधी नाही. आकडा पंच्याण्णवच्या वर गेला की यंत्र कोकलतं, आणि यंत्र कोकललं की लोक घाबरतात, म्हणून तिने घंटेची वरची मर्यादाच शंभरावर नेऊन ठेवली. शंभराच्या वर आकडा नाही. यंत्र जन्माचं मुकं झालं. सकाळी डॉक्टरांचा राउंड यायच्या आधी मात्र बटण न चुकता खाली. म्हणजे डॉक्टरांना चौऱ्याण्णव आणि मास्तरांना अठ्ठ्याण्णव. प्रत्येक परीक्षकाला त्याच्या आवडीचा आकडा.

तिखट सिस्टरला हे कळलं तेव्हा तिने घंटा पुन्हा लावली, बटण खाली केलं आणि तडक इनचार्जबाईंकडे गेली. इनचार्ज सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "तिचं कौतुक येतं, तुझ्या तक्रारी येतात. ती जमा करते, तू खर्च करतेस. मी कुठवर तोंडमिळवणी करायची? मास्तरांनी तर लेखी दिलंय. तू उद्यापासून पलीकडच्या खोलीत."

"आणि बटण?"

"बघते मी."

इनचार्जबाईंचं 'बघते मी' म्हणजे काय, हे सगळ्या कक्षाला ठाऊक होतं. तिखट सिस्टरलाही होतं. तरी ती गेली. जाऊ दे खड्ड्यात, मला काय करायचंय, असं म्हणत गेली, आणि पलीकडच्या खोलीतल्या बाळांच्या दुपट्यांच्या घड्या इतक्या जोरजोरात घालू लागली की मदतनीस बाई म्हणाली, "सिस्टर, कापडाने काय केलंय तुमचं?"

मग डोळ्यांचे डॉक्टर आले. या बाळांचे डोळे ठरलेल्या सुमाराला तपासतातच. थेंब घातले, बाहुल्या मोठ्या केल्या, आत पाहिलं. डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे रक्तवाहिन्या वाढल्या होत्या. लेझर करावं लागेल आणि उद्याच्या उद्या, नाहीतर पडदा सुटेल आणि बाळाला दिसणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. संमतीच्या कागदावर सही तेवढी हवी.

आणि घोडं तिथेच अडलं. मास्तर म्हणाले, "सही होईल, पण आधी चूक कबूल झाली पाहिजे. त्या तिखट बाईने ऑक्सिजन कमी ठेवला. एक्क्याण्णव. मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्याचंच हे फळ."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि त्यात संन्याशाचा स्वभाव वाईट असला की फाशीला बघ्यांची गर्दीही जास्त होते.

इनचार्जबाईंनी तिखट सिस्टरला आपल्या खोलीच्या दाराशीच गाठलं. "हे बघ, दोन शब्द बोल. चुकलं माझं, म्हण. सही झाली की तू मोकळी."

"काय चुकलं म्हणू?"

"ऑक्सिजन कमी ठेवला म्हण. लोकांना कारण लागतं गं. तुझ्या अंगाला काय भोकं पडणारेत का?"

तिखट सिस्टर गप्प राहिली. गप्प राहणं हा तिचा प्रांत नव्हे, म्हणून इनचार्जबाईंना वाटलं, जमलं. पण तिच्या डोक्यात बेरीज चालली होती. अपमान तिचा एकटीचा असता तर गिळला असता की नसता, सांगवत नाही. पण कमी ऑक्सिजनने डोळे गेले असं तिने एकदा कबूल केलं, की संध्याकाळपर्यंत ते बटण वर जाणार. मास्तर मागणार, गोड सिस्टर देणार, इनचार्ज बघणार. लेझरने जे वाचवायचं, ते पुन्हा त्याच हवेत ठेवायचं. ही माफी तिच्या तोंडातून निघून नळीतून थेट बाळाच्या नाकात जाणार होती.

आत कक्षाचे डॉक्टर होते, मास्तर खुर्चीवर होते, मुलगा त्यांच्या मागे. सून कपाटाला टेकून उभी होती, हातात नुकत्याच काढलेल्या दुधाची छोटी बाटली.

"माझा कुणावर राग नाही," मास्तर म्हणाले. "ज्याची चूक त्याने कबूल करावी, एवढंच."

"करते," तिखट सिस्टर म्हणाली. "मला त्या बाळापासून हलवलं, तेव्हा मी गेले, ही माझी चूक. बाळाला ऑक्सिजन जास्त मिळतोय, हे मला माहीत होतं. कमी नाही, आजोबा. जास्त. एकदा इनचार्जना सांगितलं आणि संपलं. डॉक्टरांकडे गेले नाही. तुम्हाला सांगितलं ते भांडल्यासारखं सांगितलं. मला बाळापेक्षा माझा राग मोठा वाटला."

"अगं, तुला काय सांगितलं होतं मी..." इनचार्ज म्हणाल्या.

"जास्त म्हणजे किती?" डॉक्टरांनी मान वर केली.

"भेटीच्या वेळेला अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. पुढेही तासन्‌तास. वरची घंटा बंद असते. आत्ता जाऊन बघा."

डॉक्टर उठून गेले आणि परत आले ते गोड सिस्टरला घेऊनच. त्यांचा चेहरा असा झाला होता की कुणी त्यांना काही विचारलं नाही. गोड सिस्टर नाही म्हणाली नाही, हे तिच्या बाजूने मांडून ठेवायला हवं. ती रडत म्हणाली, "आजोबांना बरं वाटायचं म्हणून. रोज विचारायचे ना, आज किती."

"मला?" मास्तर खुर्चीत ताठ झाले. "हे माझ्या गळ्यात घालू नका. मला यातलं काय कळतं?"

"कळत नव्हतं, तर नव्व्याण्णवाला शाबास कशाला म्हणत होतात, बाबा?" सून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण सगळे तिच्याकडे वळले. "मीही खूश व्हायचे. घरी फोन करून सांगायचे, आज नव्व्याण्णव." मग तिने तिखट सिस्टरला विचारलं, "त्यानेच झालं का?"

इथे 'हो' म्हणून सगळ्यांचे हिशेब चुकते करणं अगदी सोपं होतं. तिखट सिस्टरच्या जिभेवर ते आलंही असेल.

"तसं सांगता येत नाही," ती म्हणाली. "एवढ्या लहान बाळांना सगळं नीट ठेवूनही होतं कधीकधी. पण आपल्या हातात जे होतं ते एवढंच होतं. तेही आपण धरलं नाही."

सुनेने दुधाची बाटली टेबलावर ठेवली आणि कागद ओढला.

"थांब," नवरा म्हणाला. "बाबांचं अजून बोलून..."

"बाबांचं बोलून होईपर्यंत त्याचे डोळे थांबणार आहेत का?"

तिने सही केली. मास्तरांनी आपलं पेन पुढे केलं होतं, ते तिने घेतलं नाही, डॉक्टरांचं घेतलं. मग ती तिखट सिस्टरसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही भिंतीच्या पलीकडे होतात. मी रोज तुमच्यासमोरून दूध घेऊन जायचे. तुम्ही माझ्याकडे बघायच्यासुद्धा नाही."

"हो."

"त्या सिस्टरना माहीत नव्हतं, त्या खूश करत होत्या. तुम्हाला माहीत होतं. मी तुम्हाला माफ करणार नाही. पण आजपासून त्याच्याजवळ तुम्ही उभं राहायचं. दुसरं कुणी मला चालणार नाही."

"ड्युट्या लागून गेल्यात," इनचार्ज म्हणाल्या. "बदलायच्या म्हणजे... बघते मी."

"तुम्ही नका बघू," सून म्हणाली.

तिखट सिस्टर तोवर दाराबाहेर पडली होती, हातात दुधाची बाटली घेऊन, बाळाकडे.