तीनच्या आधी उठलेला वारा

जून इमादाचा हवामानाचा अंदाज यायला सकाळी जरा उशीर झाला, की आमच्या हूड रिव्हर गावात माणसं फोन हातात धरून अंगणात येरझाऱ्या घालू लागतात. डोंगरावर बर्फ कसा आहे, स्कीला कुठपर्यंत बरा राहील आणि कधी त्याचा रबडा होईल; खाली कोलंबिया नदीवर वारा कधी उठेल, मोठं शीड न्यावं की लहान, हे सगळं ती रोज पहाटे उठून लिहिते. मे महिन्यात तर तिच्यावाचून कोणाचं पान हलत नाही. या दिवसांत सकाळी डोंगरावर स्की आणि दुपारी नदीत शीड, असं दोन्ही एकाच दिवशी साधतं, आणि ते साधायचं तर दोन्हींच्या वेळा नेमक्या कळायला हव्यात.

मी नदीकाठी शीडफळी शिकवते. डोलकाठी आणि शीड लावलेल्या फळीवर उभं राहायचं आणि वाऱ्याबरोबर पाणी कापत जायचं, एवढंच ते. पण एवढंच शिकायला लोकांचा अख्खा उन्हाळा जातो. माझे वर्गही जूनच्या अंदाजावरच ठरतात.

तिच्या या कामाला सबंध खोऱ्यात एकच माणूस नावं ठेवायचा, तो म्हणजे तिचा बाप. तादाशी इमादांची वरच्या खोऱ्यात नासपतीची बाग आहे. सत्तरी ओलांडली तरी शिडीवर चढून स्वतः छाटणी करणारे. चारचौघांत जेवायला बसलो की ते हटकून म्हणायचे, "आमच्या घरात आभाळ बघायचं ते फुलं गारठू नयेत म्हणून. आमची लेक बघते ते लोकांना खेळता यावं म्हणून." सगळे हसायचे. जूनसुद्धा हसायची, पण ताटातलं काहीतरी उगीच इकडचं तिकडे सारत बसायची.

त्यामुळे हाच माणूस एके दिवशी माझ्या दुकानात येऊन उभा राहिला तेव्हा मला वाटलं, वाट चुकले असतील.

"मला शिकायचंय," ते म्हणाले.

"काय शिकायचंय, मिस्टर इमादा?"

"हेच. तू शिकवतेस ते. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा."

"डॉक्टरांनी शीडफळी सांगितली?"

"व्यायाम सांगितला. कुठला ते मी ठरवलं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "जूनला कळता कामा नये. कबूल असेल तर बोल, मास्तरीणबाई."

जन्म नदीकाठच्या खोऱ्यात गेला, पण हा माणूस कधी गुडघाभर पाण्यातही उतरला नव्हता. मी कबूल केलं. आपल्या पोरीपासून लपवून कोणी दारू पितं, कोणी पत्ते खेळतं; हे त्यापेक्षा बरं.

आमच्या काठाला गळासारखी वळलेली एक दगडांची भिंत आहे, तिच्या आतलं पाणी शांत असतं. तिथे मी त्यांना शिकवू लागले. पडायचे, उठायचे, पुन्हा पडायचे. तोल गेला की शीड सोडून द्यायचं असतं, म्हणजे ते पाण्यात पडतं आणि आपण फळीवर राहतो. मी काठावरून घसा फोडून ओरडायची, "सोडा! शीड सोडा!" पण तो माणूस हातात घेतलेलं काही सोडेल तर शपथ. शिडासकट पाण्यात जायचे आणि वर आले की मलाच म्हणायचे, "ओरडू नकोस, बहिरा नाही मी." तरी काही आठवड्यांत ते उभे राहून सरळ रेषेत जाऊ लागले. वळायचं मात्र अजून शिकवलं नव्हतं. टोकाला गेले की उतरून, फळी हाताने फिरवून परत यायचे.

त्या दिवशीचा अंदाज मी स्वतःच त्यांना वाचून दाखवणार होते, पण त्यांनी आधीच वाचला होता. रोज वाचायचे, फक्त तसं कोणाला सांगायचे नाहीत. जूनने लिहिलं होतं, डोंगरावर सकाळी बर्फ सुरेख, जेवणाच्या आत खाली उतरा, नदीवर तीनपर्यंत नुसती झुळूक, शिकणाऱ्यांसाठी उत्तम, तीननंतर जोर.

मी भिंतीच्या आत पोर्टलंडहून आलेल्या पाच बायकांचा वर्ग घेत होते. इमादा त्यांच्या नेहमीच्या कोपऱ्यात होते. वारा खरंच उत्तम होता, पोटऱ्यांना गुदगुल्या करणारा. दुपारचा एकही वाजला नसेल, तेवढ्यात गळ्यातल्या पिशवीतला फोन वाजला. जूनचा निरोप, सगळ्यांसाठी:

"दुरुस्ती. मी आत्ता डोंगरावर आहे. समुद्राकडून येणारा ढग सकाळच्या अंदाजापेक्षा फार लवकर नदीच्या दरीत शिरलाय, इथून स्पष्ट दिसतोय. वारा तीनला नाही, आत्ताच येतोय. शिकणाऱ्यांनो, पाण्याबाहेर या."

मी पश्चिमेला पाहिलं. दूरवर पाण्याचा रंग बदलला होता. एक काळी रेघ आमच्याकडे सरकत होती आणि रेघेच्या मागे सगळं पांढरं होतं.

बायकांना मी अक्षरशः दंडाला धरून बाहेर काढलं. शेवटच्या बाईची फळी वाळूवर ओढत असतानाच पहिला झोत आला आणि किनाऱ्यावरच्या दोन खुर्च्या उडून गेल्या. मग मी कोपऱ्याकडे वळले. कोपरा रिकामा होता. वाळूवर इमादांचे बूट शेजारी शेजारी नीट लावून ठेवलेले, आत मोजे दुमडून.

"ते आजोबा?" एक बाई म्हणाली. "ते मघाशीच भिंतीच्या बाहेर गेले. काय ऐटीत चालले होते हो!"

मी धावत सुटले.

दुकानातली जेट स्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर, बाहेर काढली, जाता जाता पोलिसांच्या बोटीला फोन केला आणि भिंतीला वळसा घालून नदीत शिरले. बाहेर नदी उकळत होती. आमच्याकडे पाणी पश्चिमेला वाहतं आणि वारा पूर्वेला, दोघांची टक्कर झाली की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. मी आमच्याच काठाने वाऱ्याच्या दिशेने पुलापर्यंत गेले, पुलाच्या खांबांमधून पाहिलं, पुढे गेले, परत आले. प्रत्येक पांढऱ्या फेसात मला त्यांचं डोकं दिसायचं आणि जवळ गेलं की फेसच असायचा. पोलिसांची बोट आली, तीही फिरू लागली. इमादा कुठेच नव्हते.

तेव्हा मी पुलाखाली खांबाच्या आडोशाला थांबले आणि जूनला फोन लावला. दिलेला शब्द वगैरे आता पाण्यात गेला होता.

"डार्सी? तुझ्या बायका बाहेर आल्या ना?" तिने पहिलं तेच विचारलं.

"त्या आल्या. जून, ऐक. तुझे बाबा नदीत आहेत."

"कोणाचे बाबा?"

"तुझे. ते माझ्याकडे शीडफळी शिकतात. महिना होत आला. आज भिंतीच्या बाहेर गेले आणि सापडत नाहीयेत."

"माझे बाबा बागेत आहेत," ती म्हणाली. "आज पंप दुरुस्त करणार होते ते." पलीकडून फक्त वारा आणि स्कीवाल्यांना तारेवरून वर नेणाऱ्या खुर्च्यांचा खडखडाट ऐकू येत होता. मग तिचा आवाज आला, पण तो निराळाच होता. रोज अंदाज लिहिणारीचा. "लाइफ जॅकेट होतं?"

"होतं. आणि रबरी पोशाखही."

"त्यांना वळता येतं?"

"नाही. अजून शिकवलं नाही."

"पडताना शीड सोडतात?"

"कधीच नाही. रोज ओरडते मी."

"मग तू चुकीच्या काठाला शोधतेयस," ती म्हणाली. "शीड सोडलं असतं तर प्रवाहाने खाली नेलं असतं. ते सोडणार नाहीत. वळता येत नाही म्हणजे परत फिरणार नाहीत. झोत येईपर्यंत ते नक्की मधोमध पोचले असतील, आणि मग वारा त्यांना तिरकं नेत गेला असेल, पलीकडे आणि प्रवाहाच्या उलट वर. पलीकडच्या, वॉशिंग्टन राज्याच्या काठाला जा. पुलाच्या पुढे. जा, डार्सी. मी उतरतेय."

मी नदी आडवी कापली. त्या लाटांत ते काही सोपं नव्हतं, दोनदा मीच पाण्यात पडता पडता वाचले. पलीकडच्या काठाला पुलापासून थोडं पुढे इथल्या मूळ रहिवासी जमातींच्या मासेमारीची जागा आहे. लाकडी धक्का, चार नावा, जाळी वाळत घातलेली आणि मासे धुरावर लावायची एक झोपडी. धक्क्याच्या टोकाला मला काहीतरी पिवळं दिसलं. माझं शीड. मधोमध टराटरा फाटलेलं, पण धक्क्याच्या खुंटाला व्यवस्थित बांधलेलं.

मी यंत्र बंद केलं आणि धक्क्यावर चढले.

झोपडीच्या उबेला, जाड घोंगडीत गुंडाळलेले, तादाशी इमादा बसले होते. कपाळाला खरचटलं होतं. हातात माशाचा तुकडा होता आणि ते तो खात होते.

"आलीस?" ते म्हणाले. "सामन मासा फार छान लागतो हा. बस."

मला बसावंच लागलं. बसल्यावर मी जी रडायला लागले ती थांबेना. जाळं दुरुस्त करत बसलेली एक धिप्पाड म्हातारी माझ्याकडे बघून हसली. तिचं नाव अर्लीन. उन्हाळ्यात पुलाजवळ मासे विकते, त्यामुळे तोंडओळख होती.

"तुझा आहे का हा?" तिने विचारलं. "अगं, नदीच्या मधून सरळ आमच्यावरच येत होता, थांबायचं नावच नाही. आम्ही सगळे ओरडतोय, सोड ते शीड, सोड! तर म्हणतो कसा, सोडू कसं, भाड्याचं आहे! आपटला की धक्क्यावर. माझ्या भावाने कॉलर धरून वर ओढला, तरी एका हातात शीड होतंच."

मी रडत रडतच हसू लागले. मग जूनला आणि पोलिसांच्या बोटीला कळवलं. बोटीवरचा माणूस म्हणाला, "सगळं ठीक असेल तर आम्हालाही थोडा मासा ठेवा."

जून आली ती स्कीच्या पोशाखातच. गाडीचं दार उघडंच टाकून ती उतारावरून धावत आली, झोपडीच्या दारात थांबली आणि बापाकडे नुसती बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पंप दुरुस्त करणार होतात."

"उद्या करीन."

तिने खाली बसून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले, कपाळ बघितलं, पाय चाचपले. कुठे काही मोडलेलं नव्हतं. मग एकदम तिचा चेहरा पडला. "मी लिहिलं होतं, तीनपर्यंत झुळूक. शिकणाऱ्यांसाठी उत्तम. बाबा, माझा अंदाज चुकला."

"चुकला ना. मी होतो त्यात, मला माहीत आहे." त्यांनी माशाचा तुकडा तिच्या हातात दिला. "एका वर्षी मी म्हटलं, आज काही थंडी पडत नाही, आणि बागेतले गारठा हटवायचे पंखे लावलेच नाहीत. सकाळी सगळा फुलोरा काळा. तुझी आई माझ्याशी बोलेना. तू लहान होतीस तेव्हा. संध्याकाळी पुन्हा गेलोच की तापमान बघायला. दुसरं काय करणार? तू तर डोंगरावरून बघून लगेच सांगितलंस."

"पण तुम्ही हे केलंत कशाला? आणि माझ्यापासून लपवून?"

इमादांनी घोंगडी खांद्यावर ओढून घेतली. ते नदीकडे बघत म्हणाले, "पहाटे बागेत येतो तेव्हा तुझ्या खिडकीत दिवा असतो. इतकी वर्षं बघतोय. कशासाठी ही पोरगी उठते एवढ्या अंधारात, ते एकदा बघावंसं वाटलं. विचारायला गेलो असतो तर तू हसली असतीस."

"नसते हसले."

"मीच इतका हसलोय, म्हणून म्हटलं." त्यांनी नदीच्या मध्याकडे बोट केलं. "झोत यायच्या आधी मी मधोमध होतो. पायाखालून पाणी नुसतं सुळसुळत होतं, आणि एवढी मोठी नदी असून कसलाही आवाज नाही. मला वाटलं, हे लोकांना सांगणारं कोणीतरी पाहिजेच."

जूनने हातातला मासा तोंडात घातला, आणि चावता चावताच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. अर्लीन उठून जाळं घेऊन बाहेर गेली. मीही तिच्या मागे गेले.

थोड्या वेळाने बापलेक गाडीत बसले. घोंगडी परत करायची म्हणून इमादा उगीच हुज्जत घालत होते. अर्लीनने त्यांना ती अंगावर घेऊनच हाकललं. गाडी पुलावर चढेपर्यंत मी बघत होते. खिडकीला टेकलेलं त्यांचं डोकं दिसत होतं. बहुतेक झोपले होते.

फळी आणि फाटकं शीड तिथेच ठेवून मी परत निघाले. नदीच्या मध्यावर आले तर चहूकडे शिडंच शिडं, लाल, हिरवी, निळी. जूनची दुरुस्ती वाचून, असाच जोराचा वारा हवा असलेलं अर्धं गाव कामं टाकून पाण्यात उतरलं होतं. एक अनोळखी माणूस माझ्या अगदी जवळून, लाटेवरून उडी मारत, आनंदाने किंचाळत गेला. मी यंत्र बंद केलं. सकाळपासून आपण काही खाल्लं नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. निघताना अर्लीनने खिशात कोंबलेली पुडी मी काढली आणि तिथेच, त्या वाऱ्यात हेलकावे खात, सामन खाऊ लागले.