वीतभर झुकलेली भिंत

मी एक जुना ओळंबा आहे, मित्रांनो, आणि खरं सांगू, लटकून लटकून आता जीव आंबलाय. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे की नाही हे सांगणारा, दोरीला टांगलेला पितळी गोळा. चिपळूणच्या एका लेथवर मी जन्मलो. ज्याच्याकडे मी आता आहे त्या उदयच्या वडिलांनी माझ्या भरवशावर चिऱ्याची चाळीस घरं उभी केली. "ओळंबा खोटं बोलत नाही," असं ते चारचौघांत म्हणायचे. ते ऐकून मी जरा शेफारलोच.

पुढे उदयने मला कुवेतला आणलं. इथे सलवा भागात, एका तळघरातल्या वर्कशॉपमध्ये तो इमारतींची छोटी मॉडेलं बनवतो. पण आता सरळ रेघ लेझर दाखवतो, भिंती मशीन कापतं, आणि मी वीस वर्षं खिळ्याला धूळ खातोय. वर्कशॉपचा मालक वाजिद येता-जाता हसतो, "उदयभाई, ये लट्टू अब फेंक दो!" हल्ली तो उदयकडेही त्याच नजरेने बघतो. उदय अठ्ठावन्नचा झालाय, पाठीत वाकलाय. घरी, महबूला भागात, त्याची बायको शामला, नर्स आहे ती, रोज टोकते, "अहो, ताठ बसा ना!"

गेल्या महिन्यात इथल्या एका शाळेचं काम आलं. इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं सातशे वर्षांचं चर्च बनवायचं होतं. मधे लांब दालन, पुढे वेदीची खोली, मागे चौकोनी मनोरा, टोकदार कमानी आणि भिंतींना बाहेरून टेकलेले दगडी धिरे. शाळेतल्या इतिहासाच्या इंग्रज बाई त्याच गावच्या. मापं त्यांनी स्वतः घेऊन आणली होती. "ये बिगड़ा तो इकामा रिन्यू नहीं होगा," वाजिदने उदयला बजावलं. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो गेला की माणसाने गाशा गुंडाळायचा.

बाईंच्या नकाशात उत्तरेची भिंत बाहेर झुकलेली होती, म्हणून मॉडेलातही ती तशीच उभी राहिली. उदयला वाटलं, बाईंचं माप चुकलं. गवंड्याचा मुलगा तो! त्याने मला खिळ्यावरून काढलं, पुसलं, भिंतीला लावलं. मी ठासून सांगितलं, वाकडी आहे! त्याने ती सरळ केली. मग भिंत आणि धिऱ्यांमध्ये फट पडली, ती त्याने पुट्टीने भरली. मी काय खूश झालो म्हणता!

बाई बघायला आल्या. भिंतीवरून बोट फिरवता फिरवता थांबल्या.

"माझी भिंत कुठे गेली?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "छपराचा भार पेलून पेलून ती वीतभर झुकलीय. पडू नये म्हणून गावाने तिला हे धिरे दिले. मुलांना तेच तर दाखवायचं होतं. सरळ भिंतीला धिरे कशाला?"

"खलास, उदयभाई," वाजिद पुटपुटला.

"चूक माझी, मॅडम," उदय म्हणाला. "दोन दिवस द्या. हाताने परत करतो." बाईंनी होकारार्थी मान हलवली.

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं मी बोललो नव्हतो. पण वाकडी आहे एवढंच सांगितलं, ती का वाकली ते विचारलंच नाही.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, उदयने मला पुन्हा टांगलं. खऱ्या चर्चमध्ये वीतभर, म्हणजे मॉडेलात चार मिलिमीटर. तेवढं अंतर माझ्या दोरीपासून मोजून त्याने भिंत झुकवली. उभ्या जन्मात असलं काम मी केलं नव्हतं. धिरे भिंतीला असे चपखल बसले की पुट्टी लागलीच नाही.

शामला डबा घेऊन आली होती. "अहो, ताठ..." म्हणता म्हणता तिची नजर मॉडेलवर गेली. "ही भिंत वाकडी का हो?"

"अगं, सातशे वर्षं छप्पर घेऊन उभी आहे ती," उदय म्हणाला.

शामला स्टूल ओढून त्याच्यामागे बसली आणि त्याच्या पाठीला हात लावला. "टेका जरा," म्हणाली.

रविवारी बाई मॉडेल घेऊन गेल्या. जाताना त्यांनी उदयचा हात दोन्ही हातांत धरला. त्याच आठवड्यात वाजिदने इकामा वाढवायचे कागद पाठवले.

मी पुन्हा खिळ्यावर आलोय. दमलोय फार. मित्रांनो, माझी दोरी कुजत आलीय, कधीतरी बदला. आणि कुणी झुकलेलं दिसलं तर माझ्यासारखं नुसतं बोट दाखवू नका. आधी त्याच्या डोक्यावरचं छप्पर बघा.

शामला हल्ली 'ताठ बसा' म्हणत नाही. उदयच्या खुर्चीला तिने पाठीशी एक उशी बांधून दिलीय.