खंडेनवमीची परीक्षा

मी श्यामलाची निळी गाडी बोलतेय. आज अंगात उत्साह जरा जास्तच आहे, तेव्हा एखादं वाक्य दुसऱ्यात घुसलं तर सांभाळून घ्या. उद्या सकाळी मला न्यायला ट्रक येणार आहे, त्याआधी सगळं सांगून टाकायचंय.

माझा जन्म सत्त्याण्णव सालचा. पहिली मालकीण शाळेत पियानो शिकवायची आणि दर रविवारी मला साबणाने न्हाऊ घालायची. दुसऱ्या मालकाविषयी काय बोलू, त्याच्या चिप्सचा व्हिनेगरी वास अजून माझ्या गाद्यांतून गेलेला नाही. मग दोन हजार आठच्या उन्हाळ्यात नॉटिंगहॅमच्या एका गल्लीत पुरुषोत्तमकाकांनी माझ्या बॉनेटवर हात फिरवला. काका इथे चाळीस वर्षं बस चालवून रिटायर झालेले. ते शेजारणीला म्हणाले, "रंग उडालाय, पण इंजिन सोवळ्यातलं आहे. घे."

ती शेजारीण म्हणजे माझी श्यामला. मूळची नागपूरची नर्स. पंधरा वर्षं नोकरी करून इथे आली, तरी पहिलं दीड वर्ष एका केअर होममध्ये मदतनीस म्हणून आजीआजोबांना अंघोळी घातल्या. मग इथलं नर्सचं रजिस्ट्रेशन मिळालं आणि सर्जिकल वॉर्डात लागली. एकटा जीव, मंगळवारचा उपास, चतुर्थीचा उपास, आणि राहिलेले दिवस कुणाची तरी पाळी बदलून देण्यात. तिचं आयुष्य आखल्यासारखं चाललं होतं.

आणि मग तिच्या धाकट्या बहिणीच्या, लंडनमधल्या ईलिंगच्या नंदाच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं. वर्षभर विश्रांती. नंदाचा नवरा रवी दिवसभर ऑफिसात. त्यांच्या दोन मुली, दहा वर्षांची अक्षरा आणि सात वर्षांची स्वराली, आपापली दप्तरं घेऊन श्यामलाकडे आल्या. सप्टेंबरात इथल्याच शाळेत नावं घातली. श्यामलाच्या रात्रपाळ्या असल्या की काकांच्या घरी मुलींची अंथरुणं पडायची. पण काकांची सत्तरी उलटलेली. असं किती दिवस चालणार?

वॉर्डाच्या सिस्टरने वाट दाखवली. कम्युनिटी नर्सची जागा होती. घरोघर जाऊन ड्रेसिंग करायचं, इंजेक्शनं द्यायची, काम दिवसाचंच. श्यामला इंटरव्ह्यूत पासही झाली. अट एकच, ऑक्टोबर संपायच्या आत ड्रायव्हिंग लायसन्स.

इथेच तर गाडं अडलेलं. ती दोनदा नापास झाली होती. पहिल्यांदा राउंडअबाउटपाशी, म्हणजे चौकातल्या गोल वळणापाशी, सगळ्यांना वाट देत इतका वेळ उभी राहिली की मागे रांग लागली. दुसऱ्यांदा हात असे थरथरले की गिअर पडेचना. काका म्हणाले होते, "अगं, रोज सुया टोचतेस माणसांना, आणि पत्र्याच्या डब्याला भितेस?" मला राग आला, पण म्हणणं खरं होतं.

एका संध्याकाळी ती माझ्यात बसूनच नागपूरला फोनवर बोलत होती. या वेळी नाही जमलं, तर एकीला रवीच्या बहिणीकडे आणि एकीला रवीच्या भावाकडे पाठवायचं, असं तिकडच्या मोठ्यांनी ठरवलं होतं. ती "हो, हो" म्हणत राहिली. मागच्या सीटखाली पेन्सिल शोधायला वाकलेली अक्षरा सगळं ऐकत होती. ती मला दिसत होती, श्यामलाला नाही.

तिसरी टेस्ट बुधवारी सव्वादहाला होती. त्या दिवशी नवमी. खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची, वाहनांची पूजा करतात हे अक्षराला आईने सांगितलेलं. सकाळी मावशी अंघोळीला गेल्याबरोबर दोघी बहिणी देवघरातलं तबक घेऊन अंगणात आल्या. हळद तेलात कालवली, कुंकू तेलात कालवलं. माझ्या समोरच्या काचेवर मधोमध हे एवढं स्वस्तिक. आरशांना बोटं. काकांच्या कुंडीतल्या झेंडूची माळ. आणि पुढे-मागे शिकाऊपणाच्या ज्या पांढऱ्या पाट्या होत्या, लाल एलच्या, त्यांवर तर अक्षराने सढळ हाताने कुंकू माखलं.

"ह्या पाटीवरच सगळं आहे," ती म्हणाली. "हिला नीट करू."

"गाडी किती छान दिसतो," स्वराली म्हणाली. दिसतो म्हणाली, पण मला आवडलं.

मुली शाळेत गेल्या. साडेनवाला श्यामला बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि दारातच थांबली. मग घाईघाईने आत बसून तिने वायपर चालवले. झालं. तेल आणि कुंकू अख्ख्या काचेवर पसरलं, जसं काही रंगपंचमीच. काका भांड्यांचा साबण घेऊन धावत आले. काच कशीबशी उजळली. पाट्यांचं कुंकू मात्र निघेना. पांढरं सगळं लाल झालं, आणि लालात लाल एल बुडून गेला.

"पाटी दिसली नाही तर टेस्ट घेत नाहीत हं," काका म्हणाले. "दुकान गाठून परत यायला वेळ नाही. आणि आणखी एक सांगू? पूजा झालेलं वाहन आज वापरायचं नसतं."

देवाधर्माची बाई ती. मला वाटलं, आता आत जाते आणि फोन करून नाव काढून घेते.

"काका, आमच्या वॉर्डात नवमीला कुणी सिरिंज पाटावर मांडून बसत नाही," ती म्हणाली. "पोरींनी पूजा केलीय ती मी जावं म्हणूनच ना. देवाला काही वाटलं तर मी दोन उपास जास्त करीन."

तिने पर्समधून पांढरी चिकटपट्टी काढली, ड्रेसिंगची, आणि छोटी कात्री. माझ्यापुढे गुडघ्यावर बसली. एलच्या कडेकडेने पट्टी कापून लावू लागली, आधी कोपरे, मग कडा, जखमेभोवती लावतात तशी, एकही सुरकुती न पाडता. चार मिनिटांत पुढची पाटी, चार मिनिटांत मागची. लख्ख पांढऱ्यावर लाल एल. मी तिच्या हातांकडे बघत होते. ते हात जराही हलत नव्हते.

आणि गंमत अशी की तेच हात तसेच माझ्या स्टिअरिंगवर आले. काका शेजारी बसले आणि आम्ही निघालो.

टेस्ट सेंटरला उंच, करड्या मिशांचे परीक्षक खाली वाकून पाटीकडे बराच वेळ बघत राहिले. माझ्या टाकीतलं पेट्रोल गोठलं म्हणा ना.

"बँडेज?" त्यांनी विचारलं.

"मायक्रोपोर, सर. आय ॲम अ नर्स."

"स्वच्छ काम आहे," असं काहीसं त्यांच्या भाषेत पुटपुटत ते आत बसले.

राउंडअबाउट आला. उजवीकडून एक व्हॅन गेली, मग एक सायकल, मग जागा मिळाली. जा, मी मनात म्हटलं. ती गेली. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. चाळीस मिनिटांनी परीक्षक म्हणाले, पास. श्यामलाने थँक्यू म्हटलं, हात जोडले आणि मग काकांना शोधत उलट्याच दिशेने चालू लागली.

दुपारी ती शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. अक्षरा मान खाली घालून आली. "मावशी, माझ्यामुळे पाटी खराब झाली ना? मग आता आम्ही..."

"कुठे जायचं नाही. दोघींनी इथेच," श्यामला म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी कुंकू जरा हात राखून."

तेव्हापासून आमचं घर काय धावलं म्हणून सांगू! डिकीत ड्रेसिंगचे खोके, वर दप्तरं, त्यावर स्वरालीचं व्हायोलिन. सकाळी शाळा, मग सोळा घरं, साडेतीनला परत शाळा. नंदा आता काठी घेऊन जिना चढते. मुली जुलैत ईलिंगला परत जातील, आणि सप्टेंबरात नागपूरच्या भावाचा, शशीचा, मुलगा कुश इथल्या विद्यापीठात येणार आहे. त्याची खोली श्यामलाने आधीच पुसून ठेवलीय.

माझा तळ मात्र गंजलाय. एमओटीत, म्हणजे गाड्यांच्या वार्षिक तपासणीत, मी दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा बसायची सोय नाही. दुःख नाही. काकांनी सात सीटांची गाडी बघून ठेवलीय, ती उद्या दुपारी येईल. नर्सेस पाळी संपताना पुढच्या नर्सला सगळं नीट सांगून जातात, तसं मीही त्या नव्या गाडीला सांगते. बाई, चढावर श्यामलाला थोडा वेळ दे. मंगळवारी तिचं पोट रिकामं असतं, तेव्हा खड्डे चुकव. आणि तुझ्यात कितीही जागा असली, तरी या दोघी बहिणी मागे एकाच सीटवर दाटून बसतील. बसू दे.