दीड सूर

अवधूतने गिटार मांडीवर घेतली आणि सर्वांत जाड तारेची खुंटी उजव्या हाताने सैल केली. तार पूर्ण एक सूर उतरली, तिचा आवाज मऊ झाला. मग त्याने पाचवी तार उतरवली आणि शेवटी सर्वांत बारीक. मधल्या तिघींना हात लावला नाही. सहाही तारांवरून अंगठा फिरवला. डावा हात गुडघ्यावर नुसता पडून होता, तरी अख्खी कॉर्ड, सुरांचा पूर्ण मेळ, वाजली.

त्याने पुन्हा एकदा वाजवून पाहिली.

मार्चमध्ये यवतेश्वरच्या वळणावर त्याची स्कूटर घसरली होती. कोपर मोडलं, नस दुखावली. मिरजेला ऑपरेशन झालं, हाड जुळलं; पण डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आकड्यासारखी वळून राहिली. जोर यायला वर्ष लागेल, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सव्वीस वर्षं त्याने साताऱ्यात ऑर्केस्ट्रा चालवला होता. आता तो बंद होता आणि फोन करणारी माणसंही हळूहळू कमी झाली होती.

तारा अशा उतरवून लावतात हे त्याला विशीपासून माहीत होतं. ज्यांना कॉर्ड धरता येत नाही त्यांची ही सोय, असं तो तेव्हा म्हणायचा. आता चार दिवसांत त्याने बरंच शोधून काढलं. पहिलं बोट पाचव्या घरावर सपाट आडवं ठेवलं की एक कॉर्ड, सातव्यावर सरकवलं की दुसरी. दोन बोटांत निम्मी गाणी बसत होती. उदास गाणी बसत नव्हती, कारण त्यांना कोमल गंधार लागतो आणि दुसऱ्या तारेतला गंधार शुद्ध होता, तो हटायला तयार नव्हता. मग त्याने ती तार मधल्या बोटाने हलकेच दाबून मुकी करून पाहिली. तेही चाललं. फक्त उतरवलेल्या तारा सैल पडून खडखडत होत्या.

दीड वाजता उमा जेवायला घरी आली. पोवई नाक्याजवळच्या एका दातांच्या दवाखान्यात ती सकाळ-संध्याकाळ पेशंटची नावं लिहून घ्यायची. दारात चप्पल काढताना ती थांबली.

"हे काय वेगळंच वाजतंय?"

"उतरवून लावलीय. बोटं कमी लागतात."

उमाने मान डोलावली आणि हात धुवायला आत गेली.

लग्नाआधीपासून ती त्याच्या ऑर्केस्ट्रात गात होती. साताऱ्यात, वाईत, कऱ्हाडात लोक तिला नावाने ओळखायचे. नऊ वर्षांपूर्वी तिच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली आला. वरच्या जागा लागेनात. तिने दोन महिने सकाळी रियाज केला, काढे घेतले, मग एक दिवस अवधूतला काहीतरी विचारलं आणि त्याने नाही म्हटलं. पुढच्या कार्यक्रमाला समीक्षा नावाची कऱ्हाडची मुलगी गायला उभी राहिली. भांडण असं झालं नाही. उमाने स्वतःच समीक्षाला गाण्यांची वही दिली होती. त्यानंतर ती घरातही कधी गुणगुणली नाही.

पुढच्या गुरुवारी हात दाखवायला मिरजेला जायचं होतं. अवधूतने गिटारही घेतली. दवाखान्याचं काम झाल्यावर दोघं तंबोरे करणाऱ्या नाथाजीच्या दुकानात गेली. भिंतीला भोपळे टांगलेले होते. नाथाजी सत्तरीचा, चष्मा कपाळावर चढवलेला.

"ह्यो आमचा माल न्हाई," गिटार हातात घेत तो म्हणाला. "पर बगू की. काय हुतंय?"

"तारा खडखडतात. उतरवून लावल्यात."

नाथाजीने एकेक तार छेडली. पहिल्या दोन ऐकल्यावर त्याने मान वर केली.

"पंचम, मग षड्ज. आवं, ही तर तंबोऱ्यासारखी लावलीया तुमी. पेटीची पांढरी पाच." त्याने उमाकडे पाहिलं. "ताईंचा सूर व्हय?"

अवधूत गिटारच्या रिकाम्या पिशवीची घडी घालू लागला. नाथाजीला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही.

"न्हाई, आमच्याकडं आदी इच्यारत्यात, गानार कोन? त्येच्या गळ्यापरमानं मग तार. म्हनून म्हनलं, ताई गात्यात का?"

"गात होते," उमा म्हणाली.

"आन् सूर?"

"आधी काळी पाच. आता हाच. पांढरी पाच."

अवधूतने तिच्याकडे पाहिलं. ती भोपळ्यांकडे बघत होती.

"मग बराबर हाय की!" नाथाजी खूश झाला. त्याने उतरवलेल्या तिन्ही तारा काढून जाड घातल्या, खुंट्यांजवळच्या पट्टीतल्या खाचा कानशीने थोड्या रुंद केल्या आणि गिटार लावून अवधूतच्या नाही, उमाच्या हातात दिली. "बगा छेडून."

उमाने अंगठा फिरवला. खडखड गेली होती. तिने गिटार अवधूतकडे दिली.

परतीच्या गाडीत दोघांना खिडकीजवळ समोरासमोर जागा मिळाली. किर्लोस्करवाडी गेलं. उसाची शेतं मागे पडत होती. कऱ्हाड यायच्या आधी उमा बोलली.

"तेव्हा मी विचारलं होतं तुम्हाला. गाणी दीड सूर खाली, पांढरी पाचवर घेता येतील का म्हणून."

"हो."

"तुम्ही म्हणालात, पट्टी उतरवली की गाण्याचा जीव जातो. लोक मूळ गाणं ऐकायला येतात."

"म्हणालो होतो."

"आता गेला का जीव?"

तिचा आवाज चढला नव्हता. शेजारच्या माणसाला वाटलं असतं, ती स्टेशन विचारतेय. अवधूतने डाव्या हाताची दोन बोटं उजव्या हातात धरली, डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामासारखी, सरळ केली आणि सोडली. ती पुन्हा वळली.

"नाही," तो म्हणाला.

उमाने डब्यातून सोललेलं संत्रं काढलं. अर्धं त्याला दिलं.

दोन दिवस त्याने गिटारला हात लावला नाही. रविवारी दुपारी तो हाताच्या व्यायामाला गेला आणि चारच्या सुमारास परतला. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून सूर येत होता. तार एकेक करून, संथ लयीत छेडलेली. तंबोरा छेडतात तशी. आणि त्यावर उमाचा आवाज.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. गिटार मांडीवर, डावा हात लाकडावर नुसता टेकवलेला. तिचंच जुनं गाणं होतं, टाऊन हॉलमध्ये ज्याला वन्समोअर मिळायचा ते. आवाज आता जाडसर होता, कडेला थोडा खरखरीत. अंतऱ्यात एका वरच्या जागी तो फाटला. ती थांबली, मागे गेली आणि तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा फाटला.

अवधूत चप्पल न काढता उंबऱ्यात उभा होता. उमाने त्याला पाहिलं. ती उठली नाही, गिटारही खाली ठेवली नाही.

"अर्धा सूर उतरवा अजून," ती म्हणाली.

त्याने चप्पल काढली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. गिटार घ्यायला हात पुढे केला. पण ती तिने मांडीवरच ठेवली, फक्त खुंट्यांची बाजू त्याच्याकडे खाली वळवली. उमा तार छेडायची, तो खुंटी फिरवायचा. एक झाली, दुसरी झाली. तिसरी त्याच्या मते जागेवर आली तेव्हा त्याने हात काढला.

उमाने ती पुन्हा छेडली, डोळे मिटून ऐकलं.

"अजून थोडी," ती म्हणाली.

त्याने खुंटी पुन्हा धरली.